संतसमागम आणि भावी गौरवाचा विसार

ज्युबिलीच्या अंकांत धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे पाया कोणत्या सालीं खणला, घंटा कोठून आली, विहीर कोणत्या फादरांच्या कारकीर्दींत बांधली आणि पत्र्याच्या जागीं पक्कें छप्पर केव्हां पडलें, यांचीच नोंद बहुधा केली जाते. अशी नोंद अवश्य असावी. परंतु लहानपणीं आईच्या तोंडून ऐकून आम्हीं जो प्रेषितांचा विश्वासांगीकार पाठ केला, त्यांत विटांचा किंवा घंटेचा उल्लेख नाहीं. त्यांत उल्लेख आहे तो संतांच्या समागमाचा, पापांच्या क्षमेचा, देहाच्या पुनरुत्थानाचा आणि अनंत जीवनाचा. शेवटचीं हीं चार कलमें आपण इतक्या घाईनें म्हणतों कीं, 'आमेन' गांठण्याच्या भरांत त्यांचा अर्थ मनांत उतरण्यास अवकाशच राहत नाहीं. तो अर्थ ख्रिस्तसभेंत कसा उलगडत गेला, आणि बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतील माणसांस तो कोणत्या वाटेनें लाभला, हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. संतसमागम हा शब्द मराठी माणसास मिशनरी मंडळींनीं शिकविला नाहीं. कीर्तनांत, दिंडींत, पारावरच्या भजनांत तो पूर्वीपासूनच रुळलेला होता. ज्या अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखवितात, आणि ज्या अंबेजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१-१६१५) लांबलचक पासोडीच्या कापडावर पंचीकरण लिहून काढलें, त्या भूमींतील माणसास संतांच्या संगतीची गोडी निराळी समजावून सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु ख्रिस्तसभेच्या तोंडीं हा शब्द आला म्हणजे त्याची व्याप्ति बदलते. हयात साधूच्या पायांशीं बसणें एवढाच येथें अर्थ नाहीं. पृथ्वीवर झुंजणारे, शुद्धिस्थानांत शुद्ध होत असलेले आणि स्वर्गांत देवाचें दर्शन घेणारे, या तिघांचें मिळून एकच कुटुंब आहे, आणि मरण हें त्या कुटुंबाची वाटणी करूं शकत नाहीं, असा तो अर्थ आहे.

लॅटिन भाषेंतील 'कोम्मूनियो सांक्तोरुम' हे शब्द तर दुहेरी आहेत. पवित्र जनांचा समागम असाही त्यांचा अर्थ होतो, आणि पवित्र वस्तूंतील सहभाग, म्हणजे ख्रिस्तप्रसादांतील सहभाग, असाही होतो. इ. स. ४०० च्या सुमारास रेमेसियाना नगराचे (हें नगर आजच्या सर्बिया देशांत होतें) बिशप निसेतास यांनीं विश्वासांगीकाराचें विवरण केलें. या कलमाच्या अगदीं जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते. अब्राहाम, इसहाक, याकोब, संदेष्टे, प्रेषित, रक्तसाक्षी, आणि जे कोणी नीतिमान होऊन गेले, आहेत व पुढें होतील, ते सारे मिळून एकच ख्रिस्तसभा, असा त्यांचा अभिप्राय आहे. अब्राहामाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, ही गोष्ट वाचकांनीं येथें लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

संत म्हटले कीं आमच्या लोकांस रोम, पादुआ, लूर्द अशीं दूरचीं नांवें आठवतात. वस्तुतः आपल्या महाराष्ट्राच्या मातींत या समागमाचे मानकरी फार पूर्वींच निपजले. एप्रिल १३२१ मध्यें ठाण्यास तोलेंतिनोचे थोमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि त्यांचे सहकारी देमेत्रियुस यांनीं ख्रिस्तासाठीं प्राण दिले. त्यांच्या अस्थि संत फ्रान्सिसच्या संघांतील ओदोरिक या प्रवाशानें पुढें चीन देशांत नेल्या. वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेले, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपदीं बसविलें. वसईचा मनुष्य जपानांत मरावा आणि ठाण्याच्या रक्तसाक्ष्यांच्या अस्थि चीनमध्यें पुजाव्या, यावरून या कुटुंबास गांवशीव किंवा देशाची सीमा कशी ती ठाऊक नाहीं, हें उघड दिसतें.

मराठी भाषेंतही ही आशा आमच्या जिल्ह्यांत पहिला मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीं बोलली गेली. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज गृहस्थ २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. इकडे अंबेजोगाईस दासोपंत निवर्तले आणि तिकडे वर्षभरांत सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ छापखान्यांतून बाहेर पडला. सतराव्या शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून मंगळूर येथें १९०७ सालीं सालढाणा यांनीं तो पुन्हां छापविला, तेव्हां कोठें तो आमच्या हातीं आला. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडील श्रद्धा ख्रिस्तपुराणांतून उगवली, असें कोणी अभिमानानें म्हणेल तर तें खरें नव्हे. गोव्याची ती ओवी घाट चढून बालाघाटच्या डोंगरापर्यंत आली नाहीं. आमच्याकडे विश्वास आला तो दुष्काळाच्या वाटेनें, नगर आणि औरंगाबादच्या बाजूनें.

ती हकीकत थोडक्यांत अशी. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळानें दख्खन होरपळून निघाली, आणि १८७८ सालीं येशूसंघाचे जर्मन फादर ओटो वाइसहाउप्ट यांनीं नगर जिल्ह्यांत कामास आरंभ केला. दुसऱ्या बाजूनें, फ्रान्समधील अनेसी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी विशाखापट्टणमहून मध्यप्रांतांत आणि तेथून औरंगाबादेकडे आले. घोगरगांव हें त्यांचें मोठें ठाणें झालें. १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत, ८ मे १९५५ रोजीं त्यांतून अमरावती, आणि १७ डिसेंबर १९७७ रोजीं अमरावतींतून औरंगाबाद, असे धर्मप्रांत क्रमाक्रमानें निर्माण झाले. बीड जिल्हा आज औरंगाबाद धर्मप्रांतांत मोडतो. राज्यकारभाराचे फेरेही कांहीं कमी झाले नाहींत. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, म्हणजे बरोबर सर्व संतांच्या सणादिवशीं, मराठवाडा मुंबई राज्यांत आला. आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत.

पण साल आणि सरहद्द यांहून मोठी गोष्ट निराळीच घडली. नगर व मराठवाड्यांतील पहिले ख्रिस्ती बहुतांशीं त्या काळीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आले. गांवच्या पाणवठ्यावर त्यांस मज्जाव होता. गांवजेवणांत त्यांची पंगत शेवटीं आणि दूर बसे. पुष्कळदां पंगत कसली, उरलेलें अन्नच पदरांत पडे. अशा माणसास वेदीपुढें गुडघे टेकावयास सांगून, जो प्रसाद बिशपांच्या मुखीं जातो तोच त्याच्या जिभेवर ठेवण्यांत आला. समागमाचें विवरण करणारे शेंकडों ग्रंथ एका पारड्यांत घातले तरी या एका कृतीचें पारडें जड राहील, असें आम्हांस वाटतें. करिंथ येथील मंडळींत श्रीमंतांनीं आधीं जेवून घ्यावें व गरिबांनीं उपाशी राहावें असा प्रकार चालू झाला होता, तेव्हां संत पावलांनीं त्यांस किती कडक शब्दांत फटकारलें, हें त्यांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत दिसतें. आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं हिंदुस्थानांत कांहीं ठिकाणीं देवळांत व दफनभूमींतही जातीच्या भिंती उभ्या केल्या, हें आठवलें म्हणजे तें पत्र आजही शिळें झालेलें नाहीं, असें म्हणावें लागतें.

हा प्रसाद सहजासहजीं मिळत नसे. मिशनच्या प्रारंभींच्या काळांत फादर घोड्यावरून किंवा बैलगाडींतून वाड्यावस्त्यांवर फिरत. एका गांवीं त्यांची फेरी पुन्हां येईपर्यंत दिवसचे दिवस लोटत. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेण्याचा नियम होता. लांबच्या वस्तीवरून अंधारांत चालत निघालेल्या माणसांस उन्हें वर येईपर्यंत कोरड्या घशानें थांबावें लागे. तो नियम १९५३ सालीं व पुढें १९५७ सालीं सैल झाला, आणि १९६४ पासून एका तासाच्या उपवासावर आला. वरचेवर ख्रिस्तप्रसाद घ्यावा अशी मोकळीक पोप दहावे पायस यांनीं डिसेंबर १९०५ मध्यें दिली, आणि १९१० मध्यें लहान मुलांनाही समज येतांच त्याचें द्वार उघडलें. त्यापूर्वीं वर्षांतून एकदोनदां प्रसाद घेणारा भाविक हा चांगला ख्रिस्ती समजला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेंत लोकभाषेस वाव दिला. आणि पुढल्याच वर्षीं मुंबईस भरलेल्या जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेस पोप सहावे पॉल स्वतः आले. लॅटिन प्रार्थनेचा गंभीर नाद हरपला म्हणून हळहळणारे वृद्ध आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांची हळहळ आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. तथापि, ज्या आजीबाईस आयुष्यभर 'आमेन' एवढाच शब्द कळत होता, तिला पुनरुत्थानाची गोष्ट आपल्या बोलींत वेदीवरून ऐकूं आली, हा लाभ कांहीं थोडा नव्हे.

आतां गौरवाच्या आशेविषयीं. संत पावल करिंथकरांस व इफिसकरांस लिहितांना एक बाजारी शब्द वापरतात: 'अर्राबोन'. हा शब्द ग्रीक लोकांनीं सेमिटिक व्यापाऱ्यांकडून घेतला. सौदा ठरतांच कांहीं रक्कम हातावर ठेवावयाची, म्हणजे उरलेली रक्कम देणें बंधनकारक होतें. तीच ही रक्कम. मराठींत तिला विसार म्हणतात, आणि बैलबाजारांत उभा राहिलेला कोणताही शेतकरी तिचा अर्थ शास्त्र्यापेक्षां चांगला सांगेल. देवानें आपला आत्मा आम्हांस विसार म्हणून दिला आहे, असें पावलांचें म्हणणें. पोप चौथे अर्बन यांनीं १२६४ सालीं ख्रिस्तदेहाचा सण सर्व ख्रिस्तसभेस लावून दिला; त्या सणाच्या उपासनेची रचना संत थोमस आक्वीनास यांची, असें परंपरा सांगते. त्या उपासनेंत हाच विचार ख्रिस्तप्रसादास लावला आहे: जो प्रसाद आज घेतला तो येणाऱ्या गौरवाचें तारण होय. त्याच्याही पूर्वीं, दुसऱ्या शतकाच्या आरंभीं, अंत्योखियाचे संत इग्नेशियस यांनीं या भाकरीस अमरत्वाचें औषध म्हटलें होतें.

बीड जिल्ह्यांतील वाचकांस या ठिकाणीं दुसरा एक शब्द आठवल्याशिवाय राहणार नाहीं. तो म्हणजे उचल. पावसाळा सरतां सरतां मुकादम दारीं येतो, कोयत्यामागें, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागें, उचल देतो, आणि त्या रकमेपायीं तें कुटुंब सबंध हंगाम बांधलें जातें. दिवाळीच्या मागेंपुढें बिऱ्हाडें निघतात; पूर्वीं बैलगाड्यांनीं निघत, आतां ट्रॅक्टर आणि ट्रकांनीं. नगर, पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत तीं ऊस तोडीत जातात आणि उन्हाळा लागतां परत येतात. कित्येकदां हंगाम संपला तरी उचल फिटत नाहीं. उचल आणि विसार या दोन्हीही आगाऊ रकमा. पण उचल घेणारा बांधला जातो, आणि विसारानें देणारा बांधला जातो. ख्रिस्तप्रसादांत देव आपणांस कर्जांत अडकवीत नाहीं. तो स्वतःच वचनांत अडकून घेतो. प्रवचनांत हा भेद कोणी चांगला उलगडून सांगेल तर आमच्या लोकांस तो एका वाक्यांत समजेल.

गंमत अशी कीं, आमचीं माणसें जेथें ऊस तोडावयास जातात, त्यांतील नगर जिल्ह्याचा मुलूख हाच जुन्या मिशनचा मुलूख. १९५० च्या सुमारास प्रवरेकांठीं पहिला सहकारी साखर कारखाना निघाला, त्या राहुरी-श्रीरामपूर-राहात्याच्या पट्ट्यांतच पूर्वींचीं मिशनचीं गांवें आहेत. हरेगांवच्या मतमाउलीची यात्राही त्याच ऊसपट्ट्यांत भरते. आणि याच जिल्ह्यांतील केंदळ येथें फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक काढलें. फादर डोरिंग पुढें पुण्याचे बिशप झाले. दर महिन्यास एकाच हेतूसाठीं जगांतील ख्रिस्ती लोकांनीं मिळून प्रार्थना करावी, हा प्रार्थनाप्रेषितत्वाचा संकल्प त्या मासिकाच्या द्वारें खेडोपाडीं पोहोंचला. रोमपासून बांधावरच्या झोंपडीपर्यंत एकच मागणी एकाच महिन्यांत देवापुढें जावी, याला समागम म्हणावयाचें नाहीं तर कशाला?

मृतांच्या बाबतींत आमच्या लोकांस हा विषय सर्वांत जवळचा वाटतो, आणि सर्वांत दुखराही. संत मोनिका ३८७ सालीं ओस्तिया येथें मरण पावल्या, तेव्हां माझा देह कोठेंही पुरा, फक्त जेथें असाल तेथें प्रभूच्या वेदीपाशीं माझी आठवण करा, एवढेंच त्यांनीं मुलांजवळ मागितलें, असें संत अगस्तीन यांनीं लिहून ठेविलें आहे. ९९८ च्या सुमारास क्लुनी मठाचे मठाधिपति ओदिलो यांनीं आपल्या मठांत सर्व मृतांसाठीं २ नोव्हेंबर हा दिवस नेमिला, आणि हळूहळू तो सर्वत्र पसरला. पहिल्या महायुद्धांत तरुणांचीं प्रेतें खंदकांत पडत असतां, १९१५ मध्यें पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं त्या दिवशीं प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा करण्याची परवानगी दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें निजल्या जागीं गाडलीं गेलीं, तेव्हां महिन्याभरानें आलेला तो मृतांचा दिवस मराठवाड्यानें कोणत्या मनानें पाळला असेल, हें निराळें सांगावयास नको.

परंतु आमच्या घरांतून एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या दबक्या आवाजांत विचारला गेला आहे. आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचे आईबाप तसेच गेले. त्यांस येशूचें नांवही कानीं पडलें नव्हतें. त्यांचें काय? हा प्रश्न बीडमध्यें प्रथम निघाला नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं जानेवारी १५५२ मध्यें कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत जपानी ख्रिस्ती लोकांचें हेंच दुःख नमूद आहे. आपल्या पूर्वजांस सोडविण्याचा कांहींच उपाय नाहीं काय, असें विचारून ते लोक रडत. आणि झेवियर यांच्याजवळ त्या काळच्या शिकवणीप्रमाणें त्यांस देण्याजोगें सांत्वन नव्हतें. त्यांचें रडणें पाहून स्वतः झेवियर यांसही क्लेश झाले. आमच्याकडील आरंभींच्या पिढीसही कित्येकदां असेंच कठोर उत्तर ऐकावें लागलें असावें. त्या उत्तरानें मनुष्य ख्रिस्ताजवळ येतो कीं आईबापांपासून तुटतो, याचा विचार पुरेसा झाला नाहीं, असें आमचें मत आहे.

ख्रिस्तसभेच्या विचारांत मात्र दुसरा धागा आरंभापासून होता. अब्राहामास एकाच सभेंत बसविणारे निसेतास वर आलेच आहेत. पोप नववे पायस यांनीं १८६३ सालीं, जो मनुष्य स्वतःच्या दोषाशिवाय अज्ञानांत राहिला व प्रामाणिकपणें सदाचारानें वागला, त्यास देवाच्या कृपेनें अनंत जीवन मिळूं शकतें, असें लिहिलें. २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं महासभेनें ख्रिस्तसभेविषयींचा सिद्धांत-लेख प्रसिद्ध केला, त्याच्या सोळाव्या परिच्छेदांत हीच गोष्ट अधिक मोकळ्या शब्दांत आली. आणि त्याच लेखाचा सातवा अध्याय सर्वस्वीं प्रवासी ख्रिस्तसभा व स्वर्गींची ख्रिस्तसभा यांच्या ऐक्यास वाहिलेला आहे. तारण ख्रिस्ताशिवाय नाहीं, हें महासभेनें सोडलें नाहीं. परंतु ख्रिस्ताचा हात आमच्या नोंदवहीपुरताच पोहोंचतो, असें समजण्यास तिनें जागा ठेविली नाहीं. १९८३ च्या धर्मविधानांतील ९०१ वें कलम तर अगदीं थोडक्यांत सांगतें: धर्मगुरूस कोणाही जिवंत अथवा मृत मनुष्यासाठीं मिस्साबलि अर्पण करण्याची मोकळीक आहे. कोणाही, असें तेथें म्हटलें आहे.

देवदर्शनाचें गौरव कसें असेल, याविषयीं ख्रिस्तसभा फारसें वर्णन करीत नाहीं, आणि आम्हांस तेंच बरें वाटतें. पोप बारावे बेनेडिक्ट यांनीं १३३६ सालीं एवढें निश्चित केलें कीं, शुद्ध झालेला आत्मा अखेरच्या न्यायदिवसाची वाट न पाहतां देवास समोरासमोर पाहतो. बाकी सोन्याचे रस्ते आणि रत्नांच्या वेशी या गोष्टी प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील चित्रें होत. आमच्या ऊसतोडीच्या बायांस विचारलें तर त्या कदाचित् इतकेंच सांगतील, कीं जेथें पहांटे तीन वाजतां उठून मोळ्या बांधाव्या लागत नाहींत आणि लेकरूं आजीजवळ टाकून जावें लागत नाहीं, तें ठिकाण. संत पावलांनीं रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायांत आजचीं दुःखें आणि पुढील गौरव यांची तुलना केली आहे, ती अशा माणसांसमोर वाचतांना वाचणाऱ्यानें घाई करूं नये.

१ व २ नोव्हेंबर हे दिवस नेमके टोळ्या निघण्याच्या हंगामांत येतात. मृतांच्या दिवशीं कबरींवर मेणबत्त्या लागतात, तेव्हां कांहीं घरांस कुलूप असतें आणि त्यांच्या माणसांच्या कबरीपुढें उभें राहणारें कोणी नसतें. म्हणून सर्व कुटुंबांस आमची अशी विनंती आहे, कीं बिऱ्हाड गाडींत चढविण्यापूर्वीं आपल्या मृतांचीं नांवें फादरांकडे लिहून द्यावींत. लिहितां येत नसेल त्यांनीं कोणा शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावीं. ज्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता त्या पणज्या-पणजोबांचींही नांवें त्याच कागदावर असावींत. नांव आठवत नसेल तर नुसतें 'आजोबांची आई' असें लिहिलें तरी चालेल. तो कागद २ नोव्हेंबरच्या मिस्साच्या वेळीं वेदीवर ठेवला जाईल, आणि त्याच सुमारास कारखान्याच्या तळावर कोपीच्या पुढें चूल पेटलेली असेल, तेव्हां तेथल्यांनीं आपली जपमाळ म्हणावी.